उपाशी पांघरूण

मु. कळसाडी, तालुका शहादे
पौष वद्य संकष्टी

चि. सौ. मोतीस,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे जसे असायचे तसेच आहोत. तू तिकडे जशी असायला हवीस तशी आहेस ना, ते कळव. पायांवर सूज येते का? येत असेल तर पाय उशीवर ठेवून निजत जा (पायांवर उशी नव्हे, तू लहानपणापासून सांगितलेले उलटे ऐकतेस म्हणून फोड करून लिहिले). आंबट फार खाऊ नकोस असे लिहिणार होते, पण तू खाणारच, मग शाई कशाला वाया घालवू? तुझ्या यजमानांना नमस्कार सांग. मालधक्क्यावर पहाटेचे वारे झोंबते, तेव्हा कान बांधून जात जा म्हणावे. गाडीची शिट्टी ऐकू आली नाही तरी चालेल, गाडी काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

तुझे पत्र पोचले. 'ताई, तू केव्हा येतेस?' हे तू आरंभी लिहिलेस, मध्ये लिहिलेस, आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून पत्त्याच्या कडेला लिहिलेस. त्यामुळे ते टपालवाल्यानेही वाचले. कार्ड हातात देताना तो मलाच विचारतो, "काय वहिनी, कव्हय जातंस मग नवापूरले?" आता त्याला आणि तुला एकदमच उत्तर देते. बैस नीट टेकून, कारण उत्तर लांब आहे आणि मी फार दमले आहे. दमलेल्या माणसाला थोडक्यात लिहिता येत नाही.

फाल्गुनात तुझे दिवस भरतात. आई असती तर कार्तिकातच येऊन तुझ्या चुलीचा ताबा घेऊन बसली असती आणि तुला नकोसे करून सोडले असते. ती नाही, म्हणून मी यायचे. हे मला समजते, तुला समजते, आमच्या ह्यांनाही समजते. पण ह्या घरातून सून बाहेर पडायची तर हुकूम सासूबाईंचा लागतो. आणि त्यांनी दसऱ्यालाच सांगून ठेवले की पहिलटकरणीकडे रिकाम्या हाताने जायचे नाही. बाळासाठी पांघरूण न्यायचे, आणि पांघरूण पुरे होईल त्याच दिवशी गाडी जुंपायची. मी मोठ्या आनंदाने हो म्हटले. आता वाटते, जीभ चावली असती तर बरे झाले असते.

साधी गोधडी शिवायला घेतली असती तरी दिवाळीपर्यंत हातावेगळी झाली असती. पण लढाईपायी कापडाची ही टंचाई. लोक जुनेर गोधडीत घालायचे सोडून अंगावर घालताहेत. आणि दुसरे म्हणजे मला सुचलेले शहाणपण. मागच्या खेपेला तुझ्या ओट्यावर स्टेशनमास्तरांच्या बाईंनी मला क्रोशाची सुई धरायला शिकवली होती, आठवते? उरल्यासुरल्या लोकरीचे हाताएवढे चौकोन विणायचे, मधे एक रंग, भोवती दुसरा, कडेला तिसरा, आणि मग ते एकमेकांना जोडून पांघरूण करायचे. मला वाटले, किती सोपे! शिवाय घरात खाकी लोकर पडून होती. शहाद्याला कोणा अंमलदाराच्या बाईंनी लढाईवरच्या शिपायांसाठी मफलर विणायला ती गावोगाव वाटली होती. माझा मफलर झाला, गेला (तो ज्या शिपायाच्या गळ्यात पडला असेल त्याला देव सुखी ठेवो, कारण मफलरने तो सुखी झाला नसेल), आणि उरलेली लोकर मागायला कोणी फिरकले नाही.

आता माझी एक चूक झाली. पहिला चौकोन पाहून सासूबाईंनी विचारले की हे काय, तर मी फुशारकीने सांगून बसले की साहेबांच्या देशात ह्याला आजीचा चौकोन म्हणतात. त्यांनी तो चौकोन माझ्या हातातून काढून घेतला. "आजीना शे ना? मंग आजीले ईचार." त्या दिवसापासून पांघरुणाची मालकी त्यांच्याकडे आणि विणकाम माझ्याकडे. आमचा नारायण धुळ्याच्या बोर्डिंगात गेल्यापासून त्यांच्या आजीपणाला दुसरे कामच उरले नव्हते. कोणता रंग कुठे, चौकोन केवढा, सगळे त्यांना विचारून. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नाही, पण बोटांनी चाचपून त्या माझे टाके पकडतात. चौकोनातल्या जाळीवर तर त्यांचा पहिल्यापासून राग. "आठे इतला भोकं शेतस, थंडी काय ईचारीसन येई का?" ह्यावर आमचे हे जेवता जेवता म्हणाले की तापीत मासे धरायला बरे पडेल. ह्यांचा त्या सुईशी संबंध एवढाच की ती दिसली की हे तिने कान कोरतात. मी धुऊन घेते आणि पुढचा चौकोन करते. बोलण्यात आता दम राहिला नाही.

मग आले घासाचे प्रकरण. आपल्याकडे गोधडी पुरी झाली की शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा नि गुळाचा खडा घालतात, ते तुला ठाऊकच आहे, आई घालायची. पण गोधडीला पोट असते. थरावर थर असतात. माझ्या पांघरुणाला थरच नाहीत, नुसती जाळी. सासूबाईंना ह्याची मोठी चिंता लागली. "गोधडी उपाशी ठेवस का कोनी? उपाशी गोधडी काय ऊब देई?" आणि शेवटी अडचण नको म्हणून त्यांनी पहिल्याच चौकोनाला जेवू घातले. भाकरी नि गूळ चुरून जाळीत कोंबला आणि चौकोन खुंटीला टांगला. त्याच खुंटीला ह्यांची पगडी होती.

मुंग्यांनी गूळ संपवला आणि पगडीत बिऱ्हाड केले. दुसऱ्या दिवशी हे बैल घ्यायला अक्कलकुव्याच्या बाजारात. तिथे ऐन सौद्यात मुंग्या कामाला लागल्या. बैलवाला किंमत सांगे आणि हे मान हलवीत. चारचौघांत पगडी काढायची लाज, म्हणून बोलतही नव्हते, नुसते डोळे मिटून जोरजोरात मान हलवीत होते. बैलवाल्याला वाटले, असे कठीण गिऱ्हाईक जन्मात पाहिले नाही, आणि तो आपणच भाव उतरवत गेला. बैल स्वस्तात घेऊन हे घरी आले ते कपाळावर चाव्यांच्या ह्या एवढाल्या गांधी आणि तोंडभर बढाया. आता गावात कोणाला बैल घ्यायचा असला की ह्यांना सोबत नेतात. मुंग्यांचे नाव कोणी घेत नाही. मी तेवढे केले की लाल खणाच्या चिंधीची बोटभर थैली शिवली, तीत नवा घास घातला, तोंड घट्ट टाचले आणि ती त्या पहिल्या चौकोनाच्या कोपऱ्याला पक्की जोडून टाकली. सासूबाईंचे समाधान झाले. मुंग्यांचे झाले नाही, पण त्या गेल्या.

खाकी लोकर संपली तेव्हा खरी पंचाईत झाली. लोकर काही कळसाडीच्या शिवारात पिकत नाही. गावात बातमी फुटली की नवापूरच्या बाळाला पांघरूण होते आहे आणि उरलासुरला धागा पाहिजे. मग लोकांनी जे आणले ते काय सांगू! कोणी देवाच्या तसबिरीची लोकरीची माळ आणली, कोणी पोराचा तुटका करदोटा. आमचा सालदार उखा नव्या बैलाचा लाल-हिरवा गोंडा घेऊन आला. "मन्हा हरण्याना गोंडा शे हाऊ, बराबर मझार लावज्यात." हरण्याला त्याच्या गोंड्याचे काय झाले ह्याच्याशी देणेघेणे नाही, पण उखा रोज येऊन तो चौकोन पाहून जातो. तेव्हा बाळाच्या पांघरुणाला मधोमध किंचित गोठ्याचा वास येईल. वाईट वाटून घेऊ नकोस, तो धुऊनही जात नाही.

पण सर्वांत जास्त लोकर दिली ती शेजारच्या गजराबाईने. म्हणजे मला तसे वाटत होते. दुपारी मी कापूस वेचणीच्या बायांची भाकरी घेऊन मळ्यात जाई, आणि परत येई तो सासूबाई ओट्यावर लोकरीचा एखादा गुंडा घेऊन बसलेल्या. "हाई गजराबाईनी दिन्ही." कधी लाल, कधी पिवळा, पुष्कळदा खाकी. मला वाटले, गजराबाईनेही मफलर केले असतील. लोकर कुरळी असे, उसवलेली असते तशी. मला वाटले, जुना स्वेटर उसवला असेल. मी पाणवठ्यावर गजराबाईचे आभार मानले. मोती, त्या बाईने एक क्षण माझ्याकडे पाहिले, आणि मग अशी काही मान डोलावली, जणू लोकर तिने मेंढीपासून वाढवली. आभार मानले तर गजराबाई कधी नाही म्हणत नाही. वर गावभर सांगत सुटली की निर्मलेचे पांघरूण माझ्या जिवावर चालले आहे. मी भाबडी, तिला पापडांची चवड देऊन आले.

आणि इतकी लोकर येऊनही पांघरूण पुरे होईना. मी विणते आहे, विणते आहे, टोपले मात्र तेवढ्याचे तेवढेच. चौकोन टोपल्यात टाकताना वाटे, आता रास झाली असेल, पुढल्या आठवड्यात जोडायला घेऊ. आणि जोडायला बसावे तर तळ हाताला लागे. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. मला वाटू लागले की माझे डोके फिरले. उंदरांवर संशय घेतला, मांजर आणले. मांजर टोपल्यात निजू लागले. तुझे पत्र आले की मी सुई आणखी भराभर चालवी. तू एकटी, पहिली खेप, आणि मी इथे आजीच्या चौकोनात अडकलेली. एकदा तर भाकरी थापताना रडू आले, तर सासूबाई म्हणाल्या, चुलीत ओली काटकी घातलीस वाटते. मी हो म्हटले.

गेल्या मंगळवारी त्यांनी गजराबाईचा एक गुंडा दिला. खाकी, चांगला गरगरीत. मी मनात म्हटले, एवढ्यात शेवटचे चौकोन होतील. सोडवत गेले, विणत गेले, आणि गुंड्याच्या पोटातून काय निघावे? लाल खणाची बोटभर थैली. तोंड माझ्याच टाक्यांनी टाचलेले. आत भाकरी वाळून खडा झालेली.

मला पहिल्यांदा गजराबाईचाच राग आला, ही माझी अक्कल. माझा घास तिच्या गुंड्यात गेलाच कसा! मी थैली मुठीत धरून तिच्याशी भांडायला निघाले. पापड परत मागायचे हेसुद्धा ठरवले. उंबऱ्याशी पोचले तो मागून सासूबाईंनी विचारले की कुठे निघालीस. मी मूठ उघडून त्यांच्या बोटांना थैली लावली आणि सांगितले की हिचा जाब विचारायला. त्या खाली बसल्या. थैलीचे टाके बोटांनी एकेक करून चाचपले. मग म्हणाल्या, "गजराबाईकडे नको जाऊ. ते मी उसाडं."

म्हणजे झाले होते असे: मी दुपारी मळ्यात गेले की त्या टोपल्याच्या तळचे जुने चौकोन काढून उसवायच्या, आणि त्याच लोकरीचे गुंडे करून, गजराबाईचे नाव घेऊन, मलाच द्यायच्या. मी वरून घालत होते आणि त्या खालून काढत होत्या. एवढ्या महिन्यांत मी तेच ते पांघरूण पुन्हा पुन्हा विणले. गजराबाईने आयुष्यात कोणाला धागा दिलेला नाही. आणि पहिला चौकोन उसवताना लोकर सुटली, पण घास टाकवेना. अन्न उकिरड्यावर कसे फेकायचे? म्हणून त्यांनी त्याच्याभोवतीच गुंडा गुंडाळला. चोरी केली ती केली, वर चोरीला जेवूही घातले.

मी विचारले, असे का केले? तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पांघरून व्हई गय का तू चालनी जाशी. मंग मी दिनभर कोनासंगे भांडू?"

मोते, मला संताप यायला हवा होता. माझ्याजवळ बोलायला खूप होते. दसऱ्यापासून साठवलेले होते. पण खरे सांगायचे तर मला त्यांच्याशेजारी बसून रडावेसे वाटले, आणि मी तेच केले. नारायण धुळ्याला, हे दिवसभर मळ्यात, त्यांना स्वतःला दिसते अंधुक, आणि ह्या एवढ्या घरात त्यांच्याशी बोलणारी मी एकटी. बोलणारी म्हणजे तरी काय, भाकरी जाड झाली, पाणी सांडले, दिवा लवकर लावला, एवढ्यावरून चाललेली आमची कटकट. मला ते ओझे वाटत होते. त्यांना तोच दिवस वाटत होता. त्या दिवशी आम्ही दोघी एक शब्द भांडलो नाही. घरातली ती शांतता ऐकून हे दोनदा बाहेरून आत आले आणि कोण गेले म्हणून विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपल्या पेटीतून एक जुने लुगडे काढले. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले, नारायणाला बाळपणी ज्यात गुंडाळत ते. ते त्यांनी माझ्या चौकोनांच्या खाली अस्तर म्हणून घातले आणि सुईदोरा घेऊन बसल्या. मी चौकोन जोडत होते आणि त्या चाचपत चाचपत गोधडीचे धावटाके घालत होत्या. त्यामुळे आता थंडीला भोके सापडायची नाहीत. त्यांचे टाके वाकडे आहेत आणि माझे सैल आहेत, आणि आम्ही एकमेकींना ते ऐकवायला पुन्हा लागलो आहोत. पांघरूण आता खरोखरच होत आले. वरून क्रोशा, खालून गोधडी, रंग म्हणशील तर पोळ्याला शिपाई नाचावा तसे.

तर असा हा उशीर. तुला वाटले असेल ताईला तुझी काळजी नाही. काळजीच विणत बसले होते गं. आता ह्या आठवड्यात प्रकाशा गावाशी तापी उतरून नंदुरबारला गाडी धरायची, असे ह्यांनीही कबूल केले आहे. तोवर जपून चाल, जपून बस, आणि ओट्यावर पाणी सांडले असेल तर आधी दुसऱ्याला पुसायला सांग. उरलेले भेटल्यावर, तुझ्या केसांना तेल लावता लावता.

तुझी ताई,
निर्मला

ता. क. — आता खरे काम. हे पत्र पोचताच, माझ्या पत्राला उत्तर न देता, तुझ्या यजमानांकडून आमच्या सासूबाईंना वेगळे बोलावणे पाठव. वर 'गंगाभागीरथी रुखमाबाई यांस' असे ठळक लिहायला सांग. मजकूर असा की, आई नाही, घरात जाणते माणूस नाही, बाळाला न्हाऊ-माखू घालायला आपला हात हवा, आपण आल्याशिवाय चालायचे नाही. त्यांनी आगगाडी अजून पाहिलेली नाही, पण ते लिहू नकोस. त्यांना वाटते की त्यांना सगळे ठाऊक आहे. मी सुचवले हे कळू देऊ नकोस. त्यांना एकटीला इथे ठेवून माझा पाय निघणार नाही, आणि तुला तिथे एकटी ठेवून इथे राहवणार नाही. दोन खाटांची सोय कर. जवळजवळ घाल, म्हणजे भांडायला ओरडावे लागणार नाही.

दुसरी ता. क. — ह्यांच्या जेवणाची काळजी करू नकोस. गजराबाईने आपण होऊन सांगितले की दोन्ही वेळा भाकरी पाठवीन. मी आभार मानलेले नाहीत. आधी भाकरी येऊ देत.

तिसरी ता. क. — पत्र चिकटवणार तोच पाहिले की सासूबाईंनी पांघरुणाचा शेवटचा कोपरा उघडाच ठेवला आहे. घास घाला आणि शिवा म्हटले तर ऐकत नाहीत. म्हणतात, "ज्या घरनं पोर, त्या घरनी भाकर." घास तुझ्या चुलीवरच्या भाकरीचा, आणि तो घालणार त्या स्वतः. दाराशी त्यांचे बोचके बांधून तयार आहे. कधी बांधले देव जाणे. उखाला विचारून ठेवले आहे की गाडीत बैठक कुठे बरी. तेव्हा बोलावणे त्यांनाच पाठव, पण खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'सुनेलाही सोबत आणावे' एवढे मात्र न विसरता घाल. नाहीतर त्या एकट्याच येतील.